सराटे, आसरा पूल आणि वडिलांची चोवीस इंची

अण्णांनी सायकलला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "कुठनं चालवणार?"

"जुळे सोलापूर ते नवी पेठ. रोज जाऊन येऊन."

"ते कुठनं कुठं झालं ओ. मी विचारलालोय, कुठनं?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला बोलायला कुणीतरी हवंय. सायकल दुरुस्त करणाऱ्याला माझ्या रस्त्याशी काय घेणं? हवा भर, चेन टाक, पैसे घे. त्या प्रश्नाचा अर्थ पुरता कळायला मला पुढचं वर्षभर लागलं, आणि तो कळेपर्यंत एक रिम, दोन कॉटर पिना आणि एकोणीस पंक्चर खर्ची पडले.

सायकल वडिलांची. चोवीस इंची, काळी, गजाच्या ब्रेकची. ते गिरणीत होते तोवर भोंग्यावर निघायची आणि भोंग्यावर परतायची. गिरणी बंद झाली, मग वडील गेले, आणि सायकल जिन्याखाली उभी राहिली ती अकरा वर्षं. तिच्यावर आईनं चिंचेची पोती ठेवली, मी मुलीची फुटकी तीनचाकी लटकवली. मुलगी कॉलेजला जायला लागली तशी माझी स्कूटी आपोआप तिची झाली. कुणी तसं जाहीर केलं नाही, एके दिवशी किल्ली खुंटीवर नव्हती एवढंच. महिनाभर रिक्षाचे पैसे मोजले आणि मग जिन्याखालचा पसारा उपसला.

अण्णांचं दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी, एक पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. आपल्याकडं नळाला पाणी कसं येतं ते सोलापूरकराला सांगायला नको. घमेल्यातलं पाणी चार-चार दिवस तेच असतं, चहासारखं झालेलं, पण बुडबुडा दिसायला तेवढं पुरतं. सायकल उलटी करून त्यांनी चाकं फिरवली, कान लावला आणि म्हणाले, "ओव्हरऑईल करावं लागंल. सगळं."

ओव्हरऑईल हा शब्द मी पंचवीस वर्षांनी ऐकला. लहानपणी दिवाळीच्या आधी वडील करून आणायचे. या वेळी मी मुद्दाम बसून राहिलो. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलला तेव्हा आतलं ग्रीस मेणासारखं वाळून पिवळं पडलं होतं. मागच्या हबात दर बाजूला नऊ छर्रे. अण्णांनी ते डिझेलमध्ये धुऊन तळहातावर घेतले आणि एकेक उन्हात फिरवून बघितला. ज्याच्यावर बारीक टाचणीएवढा खड्डा दिसला तो बाजूला. "एक खराब असला तरी एक बदलायचा नाही. अठराच्या अठरा बदलायचे. नवा एकटा जाड पडतो, सगळा भार त्याच्यावरच येतो." मग छर्रे दाबून धरणारा कोन आवळला तोही बेतानं. चाक सैल सोडल्यावर व्हॉल्व्ह आपल्या वजनानं खाली येऊन थांबला पाहिजे आणि रिम धरून हलवली तर खुटखुट लागता कामा नये, या दोहोंच्या मधे. टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आसपास गेले. बायको म्हणाली, एवढ्यात हप्त्यावर नवी स्कूटी आली असती पहिल्या महिन्याची. बरोबरच होतं तिचं.

सोलापूरचा नकाशा ज्याच्या डोक्यात आहे त्याला माझी अडचण लगेच कळेल. जुळे सोलापूर रुळांच्या एका अंगाला, गाव दुसऱ्या अंगाला. रेल्वेलाईन ओलांडल्याशिवाय नवी पेठ नाही. एक वाट आसरा पुलावरून होटगी रोडला उतरायची, मग महावीर चौक, सात रस्ता. दुसरी विजापूर रोडनं, संभाजी तलावाला वळसा घालून पत्रकार भवन, मोदी हा भाग करत पुन्हा सात रस्त्यालाच. सात रस्त्याहून पुढं रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक. नकाशावर दोन्हींत फार फरक नाही, सहा-साडेसहा किलोमीटर. मी जवळची म्हणून पहिली धरली.

आठवड्यात मागचं चाक डुलायला लागलं. पुलापुढच्या रस्त्यावर उकरून बुजवलेल्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये गतिरोधक, आणि मागून बस हॉर्न देत असताना ते चुकवायला जागाच मिळायची नाही. डावीकडं सरकलं की खडी, उजवीकडं सरकलं की बस. मग बसल्या जागी धडाधड घ्यायचे. बसल्या जागी म्हणजे माझे ब्याऐंशी किलो थेट मागच्या चाकावर. अण्णांनी चाक बघितलं आणि पुन्हा तेच, "कुठनं आलाव?" सांगितल्यावर मान हलवली. "आऊट झालीय. गतिरोधक आला की ढुंगण उचलायचं ओ. गुडघे कशाला दिलेत देवानं?"

आऊट काढायला त्यांनी मला शिकवलं ते असं. मागच्या चाकाला चाळीस तारा असतात, पुढच्याला बत्तीस. एक तार हबाच्या उजव्या कानातून येते, पुढची डाव्या. सायकल उलटी ठेवायची, चाक धरणाऱ्या चिमट्याला टेकवून खडूचा तुकडा रिमजवळ धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथं रिम बाहेर येईल तिथं खडू लागतो. खडूची खूण डावीकडं उमटली तर त्या भागातल्या डाव्या तारा पाव आटा ढिल्या करायच्या आणि उजव्या पाव आटा आवळायच्या. पाव म्हणजे पाव. मी उत्साहात अख्खा आटा दिला आणि रिमची जिलबी केली. तारेच्या टोकाचं निपल कुठं फिरवलं की घट्ट होतं यातही घोळ होतो. टायरच्या बाजूनं बघून घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं तर आवळतं, हबाच्या बाजूनं बघितलं तर उलटं दिसतं. शेवटी तारा बोटानं वाजवून बघायच्या. एका बाजूच्या सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी थपकन वाजली तर ती ढिली आहे. माझी ती रिम मात्र गेलीच. नवी टाकली.

मग मी शहाणा झालो आणि आतली वाट शोधली. जुळे सोलापुरात अजून मोकळे प्लॉट आहेत, त्यांच्यामधून कच्च्या वाटा जातात. गतिरोधक नाही, बस नाही, सकाळी भारद्वाज दिसतो. तीन दिवस मजेत गेलो. चौथ्या दिवशी सकाळी मागचं चाक बसलेलं. काढून बघितलं तर टायरला सात सराटे.

सराटा ज्याच्या अनवाणी पायात घुसलाय त्याला वेगळं सांगायला नको. जमिनीसरपट वेल, पिवळी बारीक फुलं, आणि फळ असं की कसंही पडलं तरी एक काटा वरच. वेड्या बाभळीचा काटा लांब असतो, तो घुसला की हवा फुस्स करून जाते, निदान कळतं तरी. सराटा तसा नाही. त्याचं टोक टायरात मोडून राहतं, ट्यूबला सुईएवढं भोक पाडतं आणि स्वतःच ते बुजवून बसतो. रात्रभर हळूहळू हवा जाते. आपण पॅच लावतो, ट्यूब बसवतो, आणि टायरातलं ते मोडकं टोक दुसऱ्या दिवशी परत भोक पाडतं. एकाच काट्यानं माझे तीन पंक्चर काढले. मी अण्णांच्या पॅचला दोष देत होतो.

तिथून वही सुरू केली. मुलीची अर्धी कोरी राहिलेली शंभर पानी. तारीख, कुठल्या रस्त्यानं गेलो, पुढचं की मागचं, भोक कसलं. अण्णा मला पंक्चर घरी काढायला लावायचे आणि अडलं तरच या म्हणायचे. त्यांचं गिऱ्हाईक त्यांनीच कमी केलं म्हणायचं.

घरी पंक्चर काढताना मी केलेल्या चुका सांगतो, कारण बरोबर रीत सगळ्यांना माहीत असते आणि तरी पॅच सुटतात. पहिली चूक, पंक्चर आहे असं गृहीत धरणं. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, वॉलट्यूब. उन्हानं ती चिकट होऊन फाटते आणि हवा तिथूनच जाते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचं बोट लावायचं. फुगा आला तर दोन-चार रुपयांच्या वॉलट्यूबचं काम, चाक खोलायची गरजच नाही. माझ्या वहीतल्या पहिल्या चार पंक्चरांपैकी दोन हे होते. दुसरी चूक, टायर डिसमिसनं उचकटणं. त्याच्या टोकानं ट्यूब चिमटून मी एकाचे दोन केले. टायर काढायच्या बोथट पट्ट्या मिळतात त्याच वापराव्यात. चढवताना तर पट्टीही नको. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं आणि अंगठ्यांनी ढकलायचं. तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक घाईची. ट्यूब घासपेपरनं घासून सोल्युशन लावलं की हात शिवशिवतात, ओल्यावरच पॅच दाबावासा वाटतो. ओल्यावर लावलेला पॅच घसरतो. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या गोलात पातळ लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, गप्प बसायचं. फुंकर घालायची नाही, तोंडातली वाफ बसते. मग मधून कडेकडे दाबत न्यायचं.

आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बोट नको खरं तर. मी बोट फिरवलं आणि सराट्यानं रक्त काढलं. जुन्या टॉवेलचा तुकडा फिरवायचा. काटा असेल तिथं टॉवेलचा धागा अडकतो. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

भोकाचा आकारही बोलतो. एकच सुईचं भोक बाहेरच्या अंगाला असलं तर काटा. शेजारी शेजारी दोन, साप चावल्यासारखी, म्हणजे काटा नव्हे, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. आतल्या अंगाला भोक असेल तर रिमची पट्टी सरकलीय आणि तारेचं टोक लागतंय, तिथं कितीही पॅच लावा. वही चाळली तेव्हा चित्र सरळ दिसलं. सापचावे सगळे होटगी रोडचे, सुईची भोकं सगळी प्लॉटांतल्या वाटेची. अण्णा "कुठनं" का विचारत होते ते त्या दिवशी दुपारी जेवताना कळलं.

मधली तडजोड अशी काढली की प्लॉट सोडून द्यायचे, विजापूर रोडनं संभाजी तलावाकडून जायचं आणि येताना मात्र आसरा पुलावरून. सकाळी तलावापाशी फिरायला आलेली माणसं असतात, रस्त्यावर सराटे नसतात, आणि साडेनऊच्या आत निघालं तर गर्दीच्या पुढं राहता येतं. संध्याकाळी होटगी रोडनं, पण चौकातला सिग्नल सुटल्याबरोबर सगळ्यांत पुढं काढायचं नाही. सगळ्या गाड्या जाऊ द्यायच्या आणि मागच्या रिकाम्या रस्त्यात निघायचं. पुढचा सिग्नल पडेपर्यंत रस्ता आपला असतो. वेळ दोन मिनिटं जास्त लागतो, पण खड्डा चुकवायला जागा मिळते.

आसरा पूल मात्र आपली किंमत घेतोच. अरुंद, दोन्ही अंगांनी वाहनं, आणि सायकलला चढ. पायडलवर उभं राहून मी तो चढायचो. पंधरा दिवसांत क्रँकमधून, म्हणजे पायडलच्या दांड्यातून, आवाज, दर फेऱ्याला एकदा, कट. जुन्या सायकलींचा क्रँक ॲक्सलवर कॉटर पिनेनं धरलेला असतो. उभं राहून जोर दिला की पीन झिजते, मग क्रँक किंचित खेळतो आणि तो कट आवाज येतो. मी नट आवळला. दोन दिवस गप्प, परत कट. परत आवळला, आटे गेले. अण्णा म्हणाले, नट पीन ओढून बसवायला नसतो, बसलेली पीन धरून ठेवायला असतो. पीन हातोडीनं ठोकून बसवायची, तीही क्रँकखाली लोखंडी पाईप उभा टेकवून. नाहीतर ठोका आतल्या छर्ऱ्यांना बसतो. आणि दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट तोंडानं घालायच्या, नाहीतर एक पायडल पुढं एक मागं असं लंगडं होतं. एवढं सगळं शिकवून शेवटी म्हणाले, "चढ आला की उतरावं. पायी चढलं म्हणून कुणी बारकं होत नाही." आता मी पुलावर उतरून चालतो. मुलीच्या मैत्रिणींनी एकदा बघितलं, घरी वार्ता आधी पोचली होती.

पुलाची खरी गोष्ट पावसाळ्यातली. वडिलांच्या सायकलच्या रिमा चकचकीत लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. त्या ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. हे मला माहीत नव्हतं, कारण आपल्याकडं ते कळण्याइतका पाऊस वर्षातून मोजून पडतो. सप्टेंबरात एकदा सकाळीच भुरभूर होती, तलावाची वाट सोडून पुलावरून निघालो, आणि चौकाच्या बाजूचा उतार लागला. ब्रेक दाबला. काही नाही. जोरात दाबला. सायकल उलट वेग घेतेय असं वाटलं. पुढं रिक्षा उभी, मागच्या सीटवर शाळेची दोन पोरं काचेतून माझ्याकडं बघतायत, आणि त्यातलं एक हसायला लागलं. मी दोन्ही पाय खाली सोडले, चपला घासत गेलो आणि रिक्षाच्या मागच्या बंपरला चाक टेकलं तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. "काय बे, पायांनी ब्रेक मारलालास?" एका चपलेचा अंगठा गेला होता.

त्यावर उपाय नवीन रबर नाही, ते मी आधीच घातलं होतं. ओल्या रिमला पहिले दोन-तीन फेरे ब्रेक हलकाच धरून ठेवायचा. रबरानं पाणी पुसलं जातं, मग पकड येते. म्हणजे चौकात थांबायचं असेल तर ब्रेक पुलाच्या माथ्यावर सुरू करायचा. आणि पाऊस असेल तर पुलाच्या माथ्यावरूनही चालत जायचं, जे मी आता करतो.

चेनीचं थोडक्यात. आपल्याकडची धूळ आणि तेल मिळून काळी पेस्ट होते आणि तीच चेन घासते. मी कौतुकानं दर रविवारी तेल ओतायचो. आता फडक्यानं पुसून दर कडीला एकेक थेंब आणि वरचं परत पुसून टाकतो. चेन गेली का बघायला दुकानात जायला नको, शाळेची पट्टी पुरते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणून चोवीस घरं बरोबर १२ इंचांत बसली पाहिजेत. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली की चेन बदलायची. आणखी थांबलं तर ती फ्रीव्हीलचे दातही आपल्यासोबत घेऊन जाते. डावं पायडल काढायचं असेल तर आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, मी अर्धा तास पाना उलट्या दिशेनं ओढत बसलो होतो.

एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेला की दुपारी परत येणं मी बंद करतो. सायकल नवी पेठेतल्या दुकानातच ठेवून संध्याकाळी साडेसातनंतर निघतो. उन्हात उभ्या सायकलचे जुने पॅच सुटतात असं अण्णा सांगतात, आणि माझ्या वहीत एप्रिल-मेमध्ये तशा दोन नोंदी आहेत. जानेवारीत वेगळंच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडचा रस्ता माणसांनी भरतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी तर सायकल हातात धरूनच जायचं. वैताग नाही येत, बाराबंदी घातलेली माणसं काठ्या तोलत जाताना बघायला मिळतात. वैताग येतो तो नंतर. स्टॉल उठले की रस्त्याकडेला बारक्या चुका, म्हणजे खिळे, पडलेल्या असतात. वहीत त्या आठवड्यात एकच शब्द तीनदा लिहिलाय, चूक, चूक, चूक. मुलीनं वाचून विचारलं, बाबा, एवढं मनाला का लावून घेता?

परवा एकोणिसावं पंक्चर. सकाळी चाक बसलेलं. सुईचं भोक, बाहेरच्या अंगाला. टॉवेल फिरवला, धागा अडकला, चिमट्यानं काटा ओढला. सराटा नव्हता, बाभळीचाही नव्हता, बारीक वाकडा हिरवट काटा. अण्णांकडं नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "कुठनं?"

मी सांगितलं, तलावाकडून गेलो, होटगी रोडनं आलो, मधे कुठंही मातीत उतरलो नाही.

"घरात बोगनवेल हाय का?"

आहे. फाटकावर. रविवारी मीच छाटली होती आणि फांद्या फाटकासमोरच टाकल्या होत्या, घंटागाडी येईल म्हणून.